तिसरं कडवं

हेडफोनची वायर अखेर गेली ती गाणं ऐन भरात असताना. दुसरं कडवं संपवून तो गिटारवर तुटून पडायचा, नेमकी तिथे. आधी डावा कान गेला, मग थोडी खरखर झाली, मग उजवाही गेला. आवाज गेला म्हणजे शांतता होईल, असं त्याला वाटलं होतं. पण बोटं सवयीने चालत राहिली, आणि खोलीत जे उरलं ते त्याने पहिल्यांदाच ऐकलं. इलेक्ट्रिक गिटारच्या नुसत्या तारांचा बारीक, पत्र्याचा आवाज, आणि त्यावर कुणीतरी दबक्या गळ्याने, लहान मुलाची समजूत काढावी तसं ‘मी चाललो, मी चाललो’ म्हणत होतं. ते कुणीतरी म्हणजे आपणच, हे कळायला त्याला जरा वेळ लागला. मग तो थांबला. गाणं मात्र थांबलं नाही. अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, ते तसंच पुढे येत राहिलं. नळ चालू होता, भांड्याला भांडं लागत होतं, आणि त्याची बायको त्याचं गाणं गुणगुणत होती. जे गाणं त्याने जन्मात कुणाला ऐकवलं नव्हतं, ते.

मेलेले हेडफोन कानांवर तसेच ठेवून तो बसून राहिला. ‘किल्ली ठेवली टेबलावर, दिवा ठेवला चालू,’ ती म्हणत होती, ‘मी चाललो, मी चाललो, नको मला बोलावू.’ शब्द त्याचे, क्रम त्याचा, फक्त चाल ओळखू येत नव्हती. त्याचं धावतं गाणं तिने पायी चालायला लावलं होतं. ‘चाललो’वर तो जिथे दात-ओठ खायचा तिथे ती सावकाश थांबत होती, एखादी बशी पुसून जागेवर ठेवत होती, मग पुढचा शब्द उचलत होती. ती चेष्टा करते आहे, असं त्याला आधी वाटलं. पण चेष्टा करायला समोर कुणीतरी लागतं. ती एकटीच होती. तिच्या लेखी तो तिथे नव्हताच. या खोलीत तो असला की नसतोच, हे दोघांचंही केव्हाच ठरून गेलेलं होतं. मग नळ बंद झाला आणि ती दारात आली. तिने नेहमीप्रमाणे बोटं तोंडाशी नेऊन जेवायची खूण केली. त्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. ती वळली आणि वळता वळता, अगदी साध्या आवाजात, जणू रोजच म्हणत असावी तसं म्हणाली, “हलवा मान. मान हलवायला काय पैसे पडतात, अहो.” ती त्याला ‘तू’ म्हणायची, लग्नाआधीपासून. ‘अहो’ फक्त रागावली की. ती रागावलेली आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. आणि ती हे रोज म्हणत असेल, तर केव्हापासून रागावलेली आहे, हे विचारायचं कुणाला?

जेवताना ती नेहमीसारखी होती. मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली, “रविवारी सकाळी स्टेशनवर येशील ना? बॅग जड होणार आहे.”

“कुणाची बॅग?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “माझी. ताईकडे जातेय ना मी.”

“कधी ठरलं हे?”

“महिना होऊन गेला. विचारलं होतं तुला. त्या तुझ्या खोलीच्या दारात उभी राहून विचारलं. ताईला गेस्टहाऊस एकटीला झेपत नाही, ती बोलावतेय, जाऊ का? तू मान हलवलीस. वर अंगठाही दाखवलास.”

“हेडफोन होते गं कानात.”

“ते कधी नसतात?” ती म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, हवामानाबद्दल बोलावं तसं ती बोलत होती.

“किती दिवसांसाठी?”

“बघू.”

‘बघू’ हा शब्द तिचा नव्हता. ती पोस्टाच्या काउंटरवर अर्धं आयुष्य बसली होती. काचेपलीकडच्या माणसाला पार्सल कधी पोचेल ते ती छातीठोक सांगायची, आणि ते तेव्हाच पोचायचं. या वर्षी तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली, तेव्हा आता काय करणार असं त्याने विचारलं होतं, म्हणजे विचारलं असावं. तिने काय उत्तर दिलं ते त्याला आठवेना. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, डोंगरातल्या कुठल्याशा गावात एकटी राहते, चार खोल्या भाड्याने देते. तिथे धुकं असतं, ताई खूप बोलते, एवढंच त्याला माहीत होतं. त्याने पाणी प्यायलं. घोट गिळल्याचा आवाज त्याला स्वतःच्या कानात केवढा तरी मोठा ऐकू आला. आज सगळंच ऐकू येत होतं: फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर कुणी ओढलेली खुर्ची, तिच्या बांगडीचा टेबलाच्या कडेला होणारा स्पर्श. ती परत येणार नाही, असं त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. आणि तो घाबरला.

रात्री आडवा पडला तरी त्याच्या डोळ्यांसमोर, लग्नाआधी त्यांचा बँड जिथे वाजवायचा, ती जुनी मोटारीची शेड येत राहिली. तिघं होते ते. तो गिटारवर, एक जण बेस गिटारवर, आणि ड्रमवर ढोल्या, जो अंगाने काडीसारखा होता म्हणूनच ढोल्या. शेडचं शटर अर्धं खाली ओढलेलं, तेलाचा वास, आणि एवढा आवाज की छातीच्या फासळ्या आतून वाजायच्या. ऐकायला पाच-पंचवीस माणसं, त्यातली बरीचशी ढोल्याचीच भावंडं. एकदा त्यांत ही होती. गाणं संपल्यावर तिने कानांतला कापूस काढला आणि म्हणाली, “शब्द काय होते?” तो जाम चिडला होता. शब्द कसले विचारतेस, अंगात काय झालं ते सांग. ती म्हणाली, अंगात पोटात गोळा आला, पण शब्द काय होते? पुढे ढोल्या नोकरीसाठी दूर गेला, बेसवाल्याने बेस विकला, शेडमध्ये कुणाचीतरी मोटार आली. लग्न झालं, हे घर मिळालं, आणि पहिल्याच महिन्यात वरच्या काकू खाली येऊन गोड हसत म्हणाल्या की तुमचं वाजवणं छान आहे हो, पण आमच्या भिंतीवरचं घड्याळ पडलं. त्या आठवड्यात त्याने हेडफोन आणले. गिटारचा आवाज वाढवणाऱ्या मुठीएवढ्या अ‍ॅम्पला ते लावले आणि अडगळीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसून पहिली तार छेडली, तेव्हा त्याला हसूच फुटलं होतं. आत वादळ आणि बाहेर कुणाला गंधवार्ता नाही! घरातल्या घरात पळून जाण्याची अशी सोय दुसऱ्या कुणाला सुचली नसेल.

गाणी होत गेली. कागदावर त्याने एकही उतरवलं नाही. कागद सापडतात, माणसं वाचतात, मग छान आहे म्हणतात. गाणी तो तोंडात ठेवायचा. ‘मी चाललो’ त्यांतलं सगळ्यांत जुनं आणि लाडकं. ते कुणाबद्दलही नव्हतं, हे त्याने तिला शपथेवर सांगितलं असतं. रॉकच्या गाण्यात माणसाने कुठेतरी जायलाच हवं. घरी थांबणाऱ्यासाठी ढोल वाजत नाही. म्हणून तो रोज संध्याकाळी कामावरून यायचा, चहा घ्यायचा, खोलीत शिरायचा आणि निघून जायचा. साखळ्या तोडायचा, भिंती फोडायचा, वादळं पायाखाली घालायचा. कानांत गिटारचा एवढा कल्लोळ असायचा की त्यात आपण ओरडतो आहोत असं वाटायचं. प्रत्यक्षात शेजारी ऐकतील या धास्तीने तो पुटपुटायचा. हे पुटपुटणं दारातून बाहेर जातं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण त्याला शाळेपासून पाठ होती. आणि त्या दाराबाहेर अशी बाई, जी दिवसभर जाड काचेपलीकडच्या पुटपुटणाऱ्या माणसांचे पत्ते बिनचूक ऐकून घेत आलेली. तिने सगळं ऐकलं असणार. वर्षानुवर्षं, भांडी घासताना, नवरा रोज संध्याकाळी बारीक आवाजात सांगतो आहे की मी चाललो, नको मला बोलावू. त्याने अंधारात तिच्याकडे पाहिलं. ती झोपली होती, किंवा झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी दातांच्या लॅबमध्ये त्याचं लक्ष लागेना. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडांचे साचे पाठवत, तो त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढायचा, त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा. ज्यांची तोंडं रोज त्याच्या हातात असत, ती माणसं त्याने कधी पाहिली नव्हती. समोरच्या टेबलावर मास्तर बसायचे. त्याला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि त्यांच्या खिडकीतला रेडिओ त्याच्या नोकरीपेक्षा जुना होता. त्या रेडिओवर दिवसभर कंट्री गाणी लागायची. या गाण्यांवरून त्याने मास्तरांना आजवर कमी पिडलं नव्हतं. कुत्रं मेलं, ट्रक बिघडला, आई आठवली. ही गाणी नव्हेत मास्तर, ही तक्रारपेटी आहे. मास्तर त्याला ‘रॉकवाला’ म्हणायचे आणि आवाज आणखी एक घर वाढवायचे. आज तो मेणात सुळा बसवत होता आणि रेडिओवर कुणी एक माणूस सांगत होता की तो घर सोडून निघाला, पुलापर्यंत गेला, आणि चष्मा विसरला म्हणून परत आला. दार उघडंच होतं. त्याची खुर्ची तिने उन्हात सरकवून ठेवली होती. बस, एवढंच. मागे एक गिटार सावकाश, पायऱ्या चढाव्यात तशी चढत होती आणि उतरत होती. त्या माणसाने काही तोडलं नाही, काही फोडलं नाही, खुर्ची उन्हात होती एवढंच पुन्हा एकदा सांगितलं आणि गाणं संपलं. त्याच्या हातातला सुळा मेणात वाकडा बसला होता. ती चाल त्याच्या ओळखीची होती. काल संध्याकाळी ती त्याच्या स्वयंपाकघरातून आली होती.

“मास्तर, जरा आवाज वाढवा,” तो म्हणाला.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. बरं आहे ना रे?”

“बायको चाललीय. बहिणीकडे.”

“मग? येईल की.”

“बघू म्हणाली.”

मास्तरांनी रेडिओ वाढवला नाही, कमी केला. हातातला जबडा त्यांनी उजेडात फिरवून पाहिला. मग म्हणाले, “तू तिला काय म्हणालास?”

“काही नाही.”

“कवळी बसली की नाही ते कसं कळतं रे?”

“पेशंट बोलला की.”

“बोलला की. गप्प तोंडात सगळ्याच कवळ्या बसतात,” मास्तर म्हणाले आणि त्याच्या टेबलावरचा वाकडा सुळा बघून जीभ टाळ्याला लावून वाजवली. “आणि हा काढ. हसताना बाई घोडीसारखी दिसेल.”

घरी जाताना तो बसमध्ये चढला नाही. हेडफोन दुरुस्त करणारं दुकान वाटेत होतं. तो त्याच्यावरून सरळ पुढे गेला. संध्याकाळचा उजेड इमारतींच्या वरच्या मजल्यांवर राहिला होता, खाली रस्त्यांत निळसर पडायला लागलं होतं, आणि चालता चालता त्याच्या पावलांवर ते गाणं आपोआप बसायला लागलं. किल्ली. ठेवली. टेबलावर. पायी चालणाऱ्या माणसाला ‘चाललो’ ओरडून सांगावं लागत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. एका न्हाव्याच्या दुकानात मान मागे टाकून बसलेला माणूस, कापडाच्या दुकानात गठ्ठा पुन्हा गुंडाळणारी मुलगी, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कुणाचीतरी पाठमोरी आई, सगळं हळूहळू मागे जात होतं आणि सगळं गाण्यात येऊ पाहत होतं. इतकी वर्षं तो याच रस्त्याने गेला होता आणि गाण्यात मात्र वादळं आणत होता. कुठून आणली होती ती वादळं? त्याने आयुष्यात एकच वादळ जवळून पाहिलं होतं आणि तेव्हा तो पलंगाखाली होता. त्याला एकट्यालाच हसू आलं. मग दुसरं कडवं त्याने मनात म्हणून पाहिलं, चालीच्या वेगाने, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. ‘साखळ्या तुटल्या, भिंती फुटल्या.’ कुठल्या साखळ्या? घरात एकच साखळी होती, दाराला, आणि ती त्यानेच हौसेने स्क्रू पिळून बसवली होती. कल्लोळ होता तोवर या ओळी जत्रेतल्या कागदी भीमासारख्या उभ्या होत्या. कल्लोळाचा कागद काढला तर आत नुसते बांबूच.

त्या आठवड्यात तो खोलीत बसायचा, पण हेडफोन खुंटीला असायचे आणि दार उघडं. तिने ते पाहिलं आणि आपल्या कामाला लागली. तिची बॅग हॉलमध्ये उघडी पडली होती आणि दर संध्याकाळी थोडी थोडी भरत होती: लोकरीचे कपडे, औषधं, वाचायची पुस्तकं. पुस्तकं त्याने मोजली. थोड्या दिवसांसाठी जाणारी माणसं एवढी पुस्तकं नेत नाहीत. तो तारा अगदी हलक्या छेडायचा. अ‍ॅम्पशिवाय त्या गिटारला आवाज असा नव्हताच, होता तो म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखा, शेजारी बसल्याशिवाय ऐकू न येणारा, पण रोज ऐकून त्याला तो आवडायला लागला. बोटांची चूक त्यात झाकली जात नव्हती. सूर चुकला की चुकलेला दिसायचा. ओळ खोटी असली की ती घशातून वर यायलाच नकार द्यायची. कधीकधी तिकडे तिचं काम थांबायचं. कपाटाचं दार अर्धं उघडून थांबायचं, आणि त्याला वाटायचं, आता ती गुणगुणेल. ती गुणगुणत नव्हती. त्याला ऐकू जातं हे कळल्यापासून ती गायची थांबली होती. ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द तो सकाळी दात घासताना म्हणायचा, लॅबमध्ये प्लास्टर घोटताना म्हणायचा, आणि घरी आला की चहात साखर आहे का विचारायचा.

बुधवारी की गुरुवारी, बेल वाजली. त्याला ती ऐकू आली. तो उठून दारापर्यंत गेला, तोवर किल्ली फिरून दार उघडलंही होतं आणि ती आत आली होती, हातात पिशव्या. दारात त्याला बघून ती दचकली. बेल शेजारच्यांची होती. त्याला स्वतःच्या घराची बेल कशी वाजते हेच ठाऊक नव्हतं. घरची बेल वाजवायचा नाद तिने केव्हाच सोडलेला होता. सुरुवातीला ती वाजवायची, दोन्ही हातांत सामान घेऊन उभी राहायची, कोपराने पुन्हा वाजवायची; मग पिशव्या खाली ठेवून पर्समध्ये किल्ली शोधायची. हे तिने एकदा हसत हसत सांगितलं होतं आणि तोही हसला होता. आज त्याने तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. “काय झालं?” तिने विचारलं. “काही नाही,” तो म्हणाला. तिच्या बोटांवर पिशवीच्या बंदांचे पांढरे वळ होते, ते तो बघत राहिला.

शनिवारी दुपार कलल्यावर तो गिटार घेऊन स्वयंपाकघरात गेला. पायाने स्टूल ओढून बसला. ती टेबलाशी बसून कोटाचं सुटलेलं अस्तर शिवत होती. सुई तोंडात धरून तिने भुवया उंचावल्या. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या अर्ध्यावर आलं होतं. त्याचे तळहात ओले झाले होते. शेडमध्ये कधी झाले नव्हते. तिथे अंधार होता, आवाज होता, ढोल्या होता. इथे नुसती बायको होती. “एक गाणं आहे,” तो म्हणाला आणि त्याला स्वतःचाच राग आला, जसं काही तिला ते माहीतच नव्हतं. मग त्याने तिच्या चालीत, तिच्या वेगात सुरू केलं. पहिलं कडवं तेच होतं. किल्ली, दिवा, मी चाललो. तिच्याकडे न बघता तो गात होता. आवाज मध्येच फाटला, तो त्याने तसाच राहू दिला. मग नवं दुसरं कडवं आलं, जे त्याने आठवडाभर घासून घासून केलं होतं:

‘जिना उतरलो, छत्री विसरलो, म्हणून फिरलो मागे,
तू खिडकीशी बसली होतीस, जुळवत तुटले धागे.’

तो थांबला. शेवटची तार बोटाखाली थरथरत विझली.

“छत्री विसरलास हे पटतं,” ती म्हणाली. सुई तिने अस्तरात टोचून ठेवली होती. “आधी काय होतं तिथे? साखळ्या.”

“होत्या.”

“मला त्या कधी आवडल्या नाहीत.”

“तुला सगळी येतात?”

“सगळी नाही. ते आगगाडीच्या रुळांचं आहे ना, त्याचं मधलं तू फार खाली बोलतोस, नीट ऐकू येत नाही.” ती थोडी हसली, मग हसू जागच्या जागी थांबलं. “हे येतं. हे तर रोज.”

“ते तुझ्याबद्दल नव्हतं,” तो म्हणाला. “खरंच सांगतो. कुणाबद्दलच नव्हतं.”

“मग मी एवढी वर्षं कुणाबद्दल रडले?” तिने विचारलं, अगदी सहज. ऊन टेबलावर थोडं पुढे सरकलं होतं. तिने कोटाची बाही सरळ केली, तिच्यावर हात फिरवला. मग म्हणाली, “वाजव. पहिल्यासारखंच. एक कडवं राहिलंय.”

“नाही, दोनच आहेत.”

“तुझी दोन आहेत. तू दोन म्हणून थांबायचास, माझी भांडी उरायची. वाजव तू.”

त्याने वाजवलं. ती कोटाकडे बघत, गळा न फुगवता, काउंटरवर पत्ता वाचून दाखवावा तशा सरळ आवाजात म्हणाली:

‘किल्ली जागची हलली नाही, दिवाही आहे चालू,
जाणारा तर इथेच बसलाय, कुणाला मी बोलावू?’

तो वाजवत राहिला, कारण थांबलं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. तीच दोन सुरांची ये-जा, पुन्हा पुन्हा. हे कडवं रोज दाराबाहेर होतं. तो आत साखळ्या तोडत होता आणि बाहेर हे कडवं भांडी विसळत उभं होतं, आणि त्याच्या सगळ्या गाण्यांत मिळून एवढी खरी एक ओळ नव्हती. त्याला हेवा वाटला, आधी हेवाच वाटला, मग डोळे भरून आले. तिने पुढे होऊन तारांवर हात ठेवला. आवाज बंद झाला.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.

तिचा हात तारांवरच होता. तिच्या बोटांवर शिवणाचे बारीक टोचे होते. “ताईला शब्द दिलाय,” ती म्हणाली. “आणि खरं सांगू? मला जायचंय. तिथे कुणी काही विचारलं की मी उत्तर देते आणि ते ऐकतात. परवा फोनवर ताईशी बोलले तर माझाच आवाज मला ओळखू येईना, इतकी भराभरा बोलत होते.”

“मी ऐकतोय आता.”

“हो,” ती म्हणाली. “आता.” तिने सुई काढली, दोरा दाताने तोडला आणि कोट घडी घालून उठली. “हे साखळ्यांपेक्षा बरं आहे हां. छत्रीचं. ठेव तेच.”

रविवारी सकाळी घरात विचित्र उजेड होता, सामान हललं की येतो तसा. त्याने बॅग दाराशी आणून ठेवली. ती खरंच जड होती. ती घरभर एकदा फिरली, गॅस पाहिला, नळ पाहिला, अडगळीच्या खोलीच्या दारात क्षणभर उभी राहिली. खुंटीवरच्या हेडफोनच्या वायरचं टोक खाली लोंबत होतं. स्वयंपाकघरातला दिवा तिने मालवला नाही, की विसरली, ते त्याला सांगता आलं नसतं. मग पर्स उघडून तिने आपली किल्ली काढली, तिच्या कडीतून ती नखाने सोडवली आणि टेबलावर ठेवली. लाकडावर लहानसा आवाज झाला. हे तो इतकी वर्षं गात आला होता आणि ते असं दिसतं, इतकं साधं, टेबलावर एक किल्ली, हे त्याला माहीत नव्हतं.

“ही का ठेवतेस?” त्याने विचारलं.

“तिथे कशाला हवी? हरवेल.” ती खाली वाकून बुटांची नाडी बांधत होती. केस चेहऱ्यावर आले होते, चेहरा दिसत नव्हता. “आले की बेल वाजवीन.” नाडीची गाठ सुटली, ती तिने पुन्हा घातली. “ऐकू येईल ना?”

त्याची मान सवयीने हलायला लागली होती. पण ती खाली बघत होती; हललेली मान तिला दिसली नसती.

“येईल,” तो म्हणाला, मोठ्याने.